टीव्हीच्या भिंतीकडे पाठ

४ फेब्रुवारी

गेला. टीव्ही गेला एकदाचा.

बस स्थानकाचे कंट्रोलर स्वतः दोन ड्रायव्हरांना घेऊन आले होते. ड्रायव्हर लोकांच्या विश्रांतीच्या खोलीत लावणार आहेत. "ताई, अहो धडधाकट चालतोय की! देताय कशाला?" म्हटलं, डोळ्यांना त्रास होतो. थाप. डोळे ठणठणीत आहेत माझे.

खरं कारण घशात आहे. गाठ आहे. या महिन्याच्या शेवटी दवाखान्यात दाखल व्हायचं, गाठ काढायची, आणि तिच्याबरोबर स्वरयंत्रही. "मग आवाज?" असं विचारल्यावर डॉक्टरीणबाई पेनाचं टोपण काढत-घालत बसल्या. समजायचं ते समजले. "तोवर बोलू का?" तर म्हणाल्या, "बोला की. फक्त ओरडू नका. हळू बोला."

म्हणजे महिन्याभराचा आवाज आहे, तोही हळू. उभा जन्म स्थानकाच्या केबिनमध्ये माइकपुढे बसून लोकांना त्यांच्या गाड्या सांगितल्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कुणाचं पोर हरवलंय. सगळं दोनदा सांगायचं, नियमच तसा. घरी येईतो घशाची पार चाळण झालेली. मग टीव्ही लावायचा. तो बोलायचा आमच्या दोघांच्या वतीने. यांच्याशी मी काय बोलले इतक्या वर्षांत? "भात वाढू?" आणि "किती तो आवाज, कमी करा."

उरलेला आवाज घरात खर्चायचा ठरवलाय. सुटी टाकली. आणि मध्ये बडबडायला दुसरं कुणी नको, म्हणून टीव्हीला निरोप.

यांना विचारलं, देऊन टाकूया का? भांडायच्या पूर्ण तयारीने गेले होते. यंत्रमागाच्या शेडमधून निवृत्त झाल्यापासून माणूस त्याच्यासमोरच बसलेला असतो — शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल इतका मोठ्ठा लावून. माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दे." बास. माझी सगळी तयारी फुकट.

एक गंमत. कंट्रोलर यांना बघून म्हणाले, "अरेच्चा, साहेब, तुम्ही इथले? तुम्हाला तर मी—" तेवढ्यात यांनी लगबगीने वायरीचं भेंडोळं त्यांच्या हातात कोंबलं. "ही विसराल." पुढचं राहूनच गेलं.

५ फेब्रुवारी

टीव्हीच्या जागी भिंतीवर एक चौकोन उरलाय. बाकी भिंत उन्हाने विटलेली, तेवढा नवाकोरा. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून त्या चौकोनाकडे बघत चहा प्यायलो. कुणी बघितलं असतं तर दोघांनाही वेड्यात काढलं असतं.

६ फेब्रुवारी

खुर्च्या फिरवल्या. टीव्हीच्या भिंतीकडे माझी पाठ, आणि यांची खुर्ची माझ्यासमोर. बसले तर अवघडल्यासारखं झालं. नोकरीच्या मुलाखतीला आलेत असं वाटलं. हे म्हणाले, "आता?" मी म्हटलं, "आता बोलायचं." "काय?" हाच तर प्रश्न आहे!

पण समोरासमोर बसून जरा बोललो मात्र. शेडच्या दारातल्या कुत्रीबद्दल. तिला हे रोज डब्यातला घास द्यायचे म्हणे. मला आज कळलं.

८ फेब्रुवारी

सबंध दिवस बोलतेय. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, केर काढताना. हळू आवाजात, डॉक्टरीणबाईंचं ऐकून. लहानपणी मला आजीने माइक म्हणून लाटणं दिलं होतं, तेसुद्धा सांगितलं. हे हॉलमध्ये. उत्तर काय? "हं." मध्येच "बरं." एकदा तर "हो, आणतो." काय आणताय? लाटणं?

रागावलेत का टीव्हीवरून? तोंडाने दे म्हणाले, पण मनातून हळहळ असेल. संध्याकाळी पाय मोकळे करायला जातात, तेही आताशा लवकर परततात. "इतक्यात?" "मजा नाही राहिली फिरण्यात." तोंड पडलेलं. एक टीव्ही काय गेला, माणसाचं फिरणंही गोड लागेना!

१० फेब्रुवारी

लेकीचा फोन. टीव्ही दिल्याचं तिला कळलंय. "आई, बाबांचा वेळ कसा जाणार? मी नवा पाठवते, मोठा, भिंतभर." म्हटलं, भिंतभर पाठवशील तर आम्ही अंगणात राहायला जाऊ. हसली. मग म्हणाली, "तुझा आवाज काय असा? सर्दी झालीये का?"

हो म्हटलं. आधी यांना सांगायचं, मग तिला. असाच क्रम ठेवलाय मी. पण यांना कसं सांगू? हजारो माणसांना न अडखळता सूचना दिल्या, आणि या एका माणसापुढे शब्द फुटत नाही. माझ्या आवाजाशी यांचा तसा संबंध तरी काय आला? आला तो गावाचा. गेला तर गावालाच चुकल्यासारखं वाटेल.

१२ फेब्रुवारी

सांगितलं.

हे खिडकीशी मटार सोलत बसले होते. मी गॅसपाशी, पाठमोरी. तोंड करून सांगायचा धीर नव्हता. आमटी ढवळत ढवळत सगळं बोलून टाकलं. गाठ आहे, ऑपरेशन आहे, आवाज जाणार आहे, टीव्ही त्याच्यासाठीच काढला, मला तुमच्याशी बोलून घ्यायचंय. आणि मग थांबले.

हे म्हणाले, "बरं." जरा वेळाने, "दूध आणायचं आहे का?"

मी पाठमोरीच मान हलवली. पिशवी घेऊन गेले.

मी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले. एवढा कोरडा कधी झाला हा माणूस? का पहिल्यापासूनच असा होता आणि टीव्हीच्या गोंगाटात मला कळलंच नाही?

१३ फेब्रुवारी

अबोला. आवाज जपायचाच आहे, आयतं निमित्त.

१६ फेब्रुवारी

आजचं सगळं नीट लिहून ठेवायला हवं.

दुपारी लुकडेभावजी आले. शेडमधले यांचे जोडीदार, शेजारच्या मागावरचे. आता पोट सुटलंय, पण लुकड्या हे नाव काही सुटलं नाही. मी चहा टाकला. दोघं हॉलमध्ये. आणि हॉलमध्ये चिडीचूप. मनात म्हटलं, घ्या, मित्राशीही बोलत नाहीत आता. डोकावले.

बोलत होते! हातांनी. चार हात नुसते नाचत होते. बोटं विणल्यासारखी चाललेली, ओठ हलतायत पण आवाज नाही, मध्येच लुकडेभावजींनी नसलेल्या मिशीला पीळ दिला आणि हे पोट धरून हसले. हे! मी यांना इतकं हसताना कधी पाहिलं ते आठवावं लागेल.

ट्रे घेऊन तशीच उभी. लुकडेभावजींनी पाहिलं, ओशाळले. "वहिनी, शेडची सवय. शेकडो माग खडखडत असतात, तिथे तोंडाने कोण बोलणार आणि कोण ऐकणार? मिशी म्हणजे मुकादम आला. बोट असं मोडून दाखवलं की धागा तुटला. सगळं सगळं बोलायचो. भांडायचोसुद्धा."

"पण इथे कुठे माग आहेत?" मी.

"आम्हा दोघांचेही कान शेडमध्येच राहिले ना. याचे तर माझ्यापेक्षा जास्त. तुम्हाला माहीत असेलच की. तोंड दिसलं तर ओठांवरून समजतं, पाठ फिरवली की संपलं."

ट्रे खाली ठेवला.

पाठ फिरवली की संपलं. आणि मी गॅसकडे तोंड करून सांगितलं होतं! त्या माणसाने यातलं काही ऐकलंच नाही. पाठ हलताना दिसली, बाई काहीतरी बोलतेय एवढं कळलं, तर "बरं" म्हणाला. मला वाईट वाटू नये म्हणून. आणि मी तीन-चार दिवस त्याचं तोंड बघितलं नाही.

जाताना लुकडेभावजींना सहज म्हटलं, तुम्ही शेड सुटल्यावर पत्ते कुटायचा ना सगळे, त्यात हे असायचेच. लेक लहान असल्यापासून ऐकतेय, चारला शेड सुटते आणि हे सहाला घरी.

"पत्ते? हा?" लुकडेभावजी दारात थांबले. "याला किलवर आणि इस्पिक एकच वाटतं. भोंगा झाला की सगळ्यात आधी हा पसार. आम्हाला वाटायचं, वहिनींनी तंबी दिलीय."

मग कुठे जायचे? विचारीन. आज नाही.

१७ फेब्रुवारी

सकाळी खुर्ची खिडकीच्या उजेडात ओढली. समोर बसले. चेहरा उजेडात धरला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

हे माझ्या ओठांकडे बघत होते. "गाठ" म्हटलं तेव्हा हात पुढे आला आणि माझ्या गुडघ्यावर येऊन थांबला. "आवाज जाणार" म्हटलं तेव्हा म्हणाले, "पुन्हा सांग." पुन्हा सांगितलं. मग उठले, स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि बराच वेळ तो वाहू दिला. परत आले तर तोंड धुतलेलं, डोळे लाल. गाल माझेही ओलेच होते.

"त्या दिवशी दूध आणायला पाठवलंस तेव्हा हे सांगत होतीस?"

"हो."

"आणि मी दूध आणलं."

"साय चांगली आली होती," मी म्हटलं. आधी हसू आलं, मग दोघांनाही रडू.

मग मी जाब विचारला. कान गेले हे मला का नाही सांगितलं? म्हणाले, एकदम नाही गेले, हळूहळू. तू दमून यायचीस, तुला ओरडायला लावू? सांगितलं असतं तर तू ओरडून बोलली असतीस. आणि आणखी एक निघालं. यांच्या कानात माग अजून चालू आहेत. शेड सुटली पण खडखड घरी आली. शांतता झाली की जास्त. टीव्ही मोठा लावायचा तो त्यासाठी. ऐकायला नाही, दाबायला.

म्हणजे मी बोलायच्या हौसेपायी घर शांत केलं, आणि हा माणूस बारा दिवस त्या खडखडाटात एकटा बसून होता. हूं की चूं केलं नाही. म्हटलं, आत्ता कंट्रोलरना फोन करते. परत आणू.

"नको."

"अहो पण कानात—"

"त्याचा आवाज यायचा, पण तू दिसायची नाहीस. दोघं त्याच्याकडे तोंड करून बसायचो. आता खुर्च्या फिरल्यात. मागांचं काय, ओळखीचे आहेत. असू देत."

संध्याकाळी लेकीला सांगितलं. फोनवर नुसती हुंदके देत होती. शेवटच्या आठवड्यात येते म्हणाली. आणि टीव्हीची ऑर्डर कालच दिली होती म्हणे, घ्या! यांनी फोन हातात घेतला आणि ठणकावून सांगितलं, "रद्द कर. आम्हाला जागा नाही." भिंत पुरी मोकळी आहे समोर.

१९ फेब्रुवारी

शिकवणी सुरू. मास्तर कडक आहे.

चहा: अंगठा तोंडाशी. पाणी: तोच अंगठा, पण करंगळीही उघडी. मी सकाळी तीनदा पाणी मागितलं आणि तीनदा चहा आला. माझी बोटं माइकचं बटण दाबण्याखेरीज कशालाच वळत नाहीत. हे म्हणतात, "तू हातांनीसुद्धा सगळं दोनदा सांगतेस. मी काय प्रवासी आहे?"

सवय आहे, मी हातांनी म्हटलं. दोनदा.

२२ फेब्रुवारी

वाटणी अशी: मी तोंडाने बोलते, समोर बसून, हळू. हे हातांनी उत्तर देतात, म्हणजे माझा सराव होतो. लग्नानंतरचं, लेक झाली तेव्हाचं, माझ्या आईचं जाणं, सगळं नव्याने बोलून झालं. हातांनी यांना किती सांगता येतं! तोंडाने एका वाक्यात गुंडाळणारा माणूस, हात चालू झाले की थांबत नाही. माझ्यावर पहिल्यांदा चिडले होते ते भांडणही हातांनी सांगितलं आणि त्यात मी जाम विनोदी दिसते.

यांना माझ्याशी बोलायचंच नसतं असं मी धरून चालले होते. आता कळतंय, नुसती सोय नव्हती.

पत्त्यांचं विचारलं. "फिरायला जायचो." एवढंच. हात मांडीखाली.

२५ फेब्रुवारी

लेक आली. तिलाही शिकवतोय. ती माझ्याहून भराभर शिकते, याचा मला राग येतो.

२७ फेब्रुवारी

उद्या दाखल व्हायचं. पिशवी भरली. लेक लवकर झोपली, प्रवासाचा शीण.

दोघं खुर्च्यांवर. काय बोलायचं राहिलं, यावर विचार करत होते. तर हे म्हणाले, "एक मागू? संध्याकाळच्या गाड्या म्हण."

"काय?"

"केबिनमधून म्हणायचीस तशा. चारनंतरच्या."

ओरडायचं नाहीये मला, म्हटलं. तर यांनी खुर्ची पुढे ओढली, गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत, आणि आपला पंजा माझ्या गळ्यावर ठेवला. अलगद, हनुवटीखाली. "म्हण."

म्हटलं. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. नदीपलीकडची गाडी, फलाट दोन. मग साखर कारखान्याची जलद. मग डोंगरावरची शेवटची, ती नेहमी उशिरा. हळू म्हटल्या, पण सुरात. आवाज मध्येच फाटत होता. हे डोळे मिटून बसले होते — डोळे मिटून! ओठ बघायचेच नव्हते. आणि यांचे स्वतःचे ओठ हलत होते, माझ्याबरोबर, एकही गाडी न चुकता. डोंगरावरच्या गाडीनंतर मी श्वासाला थांबते, तिथे हेही थांबले.

"तुम्हाला कसं पाठ?"

"गावात कुणाला पाठ नाही?" म्हणाले, आणि पंजा काढला नाही.

सगळ्या गाड्या संपेपर्यंत म्हटल्या.

४ मार्च

नाही आवाज. माहीत होतं, तरी सकाळी जाग आल्या आल्या "अहो" म्हणायला गेले. नुसती हवा.

काचेच्या दारातून हे दिसले. आत सोडत नव्हते. तिथूनच हात: दुखतंय का? मी: थोडं. हे: लेक खाली चहा घेतेय. मी: मलाही चहा. यांनी नर्सकडे पाणी मागितलं; ती म्हणाली, गिळायला अजून बंदी आहे. अजून चुकतंच माझं बोट.

खाटेसमोर भिंतीवर एक टीव्ही आहे. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी तो लावायला सांगितला. मी खाटेवर कूस बदलली, दाराकडे.

९ मार्च

कंट्रोलर भेटायला आले. सफरचंदं आणली, मी गिळू शकत नाही हे कळल्यावर कसनुसे झाले. ड्रायव्हरांच्या खोलीत टीव्ही मजेत आहे म्हणाले. मग जरा घुटमळले.

"ताई, तुम्ही सुटी घेतल्यावर साहेब दोन-तीन दिवस आले, मग यायचे बंद झाले."

मी भुवया वर केल्या.

"स्थानकावर हो. तुमच्या केबिनच्या मागचा कर्ण्याचा खांब आहे ना, त्याच्याखाली. मी नोकरीला लागलो तेव्हापासून बघतोय. चारनंतर यायचे, वर तोंड करून उभे राहायचे, आणि तुमची ड्युटी संपायच्या जरा आधी निघून जायचे. आम्हाला वाटायचं, कुणाची तरी वाट बघतायत, तो माणूस काही येत नाही. तुमच्या घरी टीव्ही न्यायला आलो तेव्हा कळलं, हे तुमचे."

केबिनला एकच खिडकी, फलाटाकडची. मागे काय आहे ते मला कधी दिसलंच नाही.

हे खिडकीपाशी, आमच्याकडे पाठ करून डबा पुसत होते. काही ऐकलं नव्हतं. कंट्रोलर गेल्यावर मी चमचा खाटेच्या दांडीवर आपटला. दांडीला त्यांची पाठ टेकली होती, थरथर लागली, वळले. मी बोट वर केलं, कर्ण्यासारखा पंजा उघडला, आणि विचारलं: तिथे का?

कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. डबा ठेवला, हात पुसले.

तिथे तू मला ऐकू यायचीस.

पुन्हा सांगा, मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा सांगितलं.